गाणं पोचत नाही तिथं

१

दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून पालथी पडली, की सुभेदार गाणी लावायचे. नाव उदयसिंह, पण फौजेतून पेन्शनीवर आल्यापासून पाटणच्या अलीकडच्या त्या गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांचे ते सुभेदारच. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं. टेबलावर कॉम्प्युटर आणि दोन्ही अंगांना काळे स्पीकर. लेकीनं, अंकितानं, लग्न होऊन सांगलीला जाताना मागं ठेवलेले. सुभेदार उंच लाकडी खुर्चीत ताठ बसायचे. उजवा गुडघा बर्फात घसरून कामातून गेलेला, तो काही केल्या वाकत नसे. बायको शालन भिंतीला टेकून खाली बसायची, पुढ्यात सूप, सुपात जे काय निवडायचं असेल ते.

बोलणं फार नसे. सुभेदार मुळात बोलण्यातले नव्हतेच. गाणी मात्र त्यांना जीव की प्राण. स्वतःकडं गाण्याचं अंग औषधालाही नाही. पलटणीच्या मंदिरात त्यांच्या हातात टाळ दिला की भजन आडवं पडायचं, असं तेच सांगायचे. पण ऐकायला बसले की असे बसायचे, जणू ड्युटीवर आहेत.

थंडीचे दिवस होते. शालन घेवड्याच्या वाळलेल्या शेंगा सोलत होती, एक जुनं भावगीत चाललं होतं. एकाएकी सुभेदारांनी टेबलावर हात आपटला.

"बघ. परत तुटलं."

काय तुटलं, असं तिनं विचारलं. गाणं, ते म्हणाले. मधेच बंद पडलं आणि पुढं जाऊन लागलं, अख्खी ओळ खाल्ली. शालनला तर काहीच तुटल्याचं जाणवलं नव्हतं. त्याच ओळीवर तिनं मान डोलावली होती. तसं ती म्हणाली, तेव्हा पोस्टवर झोपलेल्या शिपायाकडं बघावं तसं त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि कानात कापूस घालून बसतेस का म्हणून विचारलं.

२

सुभेदारांची सगळी नोकरी सिग्नलमध्ये गेलेली. वायर टाकायची, सेट जोडायचा, आवाज कुठं अडतोय ते हुडकून काढायचं. त्यामुळं स्वतःच्या घरात आवाज तुटावा, हा त्यांना अपमान वाटला. त्यांनी सगळ्या वायरी काढल्या, पिना पुसल्या, परत घातल्या. डावीकडचा स्पीकर उजवीकडं केला. फ्रीजचा प्लग दुसऱ्या बोर्डावर नेला. अंकिताला फोन केला; ती म्हणाली, पप्पा, मागं दुसरं काही चालू असेल तर बंद करा, वायफाय बंद करून बघा. बघितलं. गाणं तुटतच होतं.

मग कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ते एसटीनं कराडला गेले. तिथल्या साईराज नावाच्या दुकानदारानं आवाजाचा ड्रायव्हर नवा घातला, वीज वाचवायची सेटिंग काढून टाकली, आणि गाण्याचा थोडा भाग कॉम्प्युटरनं आधीच साठवून ठेवावा अशी सोय करून दिली, म्हणजे मशीन अडखळलं तरी आवाज अडखळू नये. दुपारभर दुकानात गाणी वाजली, एकदाही तुटली नाहीत. सुभेदार खुशीत घरी आले. गाणं लावलं, शालन सूप घेऊन बसली, आणि तुटलं.

मोबाइलवर लावलं, तिथंही तुटलं. माळ्यावरचा जुना रेडिओ काढला, तोही तुटला. तेव्हा मात्र ते विचारात पडले. शालन चार घरं सोडून हळदीकुंकवाला गेली होती, त्या दुपारी गाणी सरळ वाजली होती. मळ्यात भांगलायला गेली होती, त्या दिवशीही.

"तू बसलीस की तुटतंय," ते म्हणाले. "तुझ्या बांगड्या काढ बघू जरा."

सवाष्णीला बांगड्या काढायला सांगता, म्हणून शालन खवळली. सुभेदार ओशाळले. बरं मग, निदान हात पदराखाली घे, म्हणाले. तशी ती हात पदराखाली घेऊन, हसू दाबत, गाणं संपेपर्यंत बसली. त्या वेळी एक ओळ नाही, एक कडवंच्या कडवं गेलं. असं सुभेदार म्हणाले. शालनला ते कडवं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू आलं होतं.

३

मग शालननं एक केलं. ती गाणं ऐकायचं सोडून नवऱ्याकडं बघत बसली.

आधी काहीच नव्हतं. सुभेदार नेहमीसारखे ताठ, हात खुर्चीच्या हातांवर. मग त्यांचे खांदे हळूच खाली आले, डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर येतात तसे. बोटं लाकडावर ठेका धरू लागली. ठेका बरोबर होता. नुसता बरोबर नाही, गोड होता. समेवर बोट असं अलगद टेकत होतं, की शालनचा हात सुपातच थांबला. या माणसाला टाळ्याही वेळेवर वाजवता येत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. डोळे त्यांचेच होते. बघणं त्यांचं नव्हतं.

"दमलीस का गं, शालू?"

आई गेल्यापासून तिला शालू कुणी म्हटलं नव्हतं. सुभेदारांची हाक म्हणजे 'अगं', नाहीतर 'ऐक'. ती काय बोलणार होती कोण जाणे, तोवर खांदे वर गेले, बोटं थांबली, आणि सुभेदार खेकसले, "तुटलं बघ."

शालननं स्वतःची समजूत घातली. वय झालं की पुरुष मऊ पडतो, असं सगळ्या बायका म्हणतात. बोललेलं लक्षात राहत नसेल. लाज वाटत असेल. ठेक्याचं काय, हा प्रश्न तिनं बाजूला सारून ठेवला. आणि तिनं त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर तिला माहीत होतं. दमलीस का, असं या घरात तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीत जाण्याआधी तिनं आरशात बघून कुंकू नीट केलं.

पुढं रोजच तसं होऊ लागलं. कधी तो हसायचा. कधी म्हणायचा, तुझी पाठ दुखते का अजून? कधी नुसता बघत राहायचा, दुरून आलेल्या पाहुण्यानं घर बघावं तसा, एकेक वस्तू मायेनं. मनातल्या मनात शालन त्याला 'तो' म्हणू लागली होती. नवऱ्याला ती कधीच 'तो' म्हणाली नव्हती. हे एकदा भाकरी थापताना तिच्या ध्यानात आलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

४

अंकितानं हट्ट धरला म्हणून दोघं सांगलीला गेली. कानाच्या डॉक्टरांनी सुभेदारांना काचेच्या बारक्या खोलीत बसवून कानात आवाज सोडले. म्हणाले, काका, तुमचे कान पोरासोरांसारखे आहेत. मग डोक्याचा फोटो काढला. तोही स्वच्छ. अंकिताला हायसं वाटलं. येताना तिनं आईला साडी घेतली आणि पप्पांना तो कॉम्प्युटर आता भंगारात द्या म्हणून बजावलं.

परतीच्या एसटीत सुभेदारांनी शालनला खिडकी दिली. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता, गाडी थांबत-थांबत चालली होती. मग समोर बघतच हळू आवाजात बोलू लागले.

"गाणं न्हाई तुटत. सगळंच तुटतंय. पंखा, बाहेरच्या चिमण्या, तुझं सूप. काय बी ऐकू येत न्हाई. अंधार म्हणावा तर अंधार न्हाई. लाइन डेड झाली की सेटमधी नुसता गारठा लागतो कानाला, तसं. मी तुला हाक मारतो. वरडतो. तू ओ देत न्हाईस."

शालनला त्या दुपारी आठवल्या. ज्या वेळात हे ओरडत होते, त्याच वेळात ती गोड बोलणं ऐकत, हसत बसलेली होती.

गाडीनं कचकन ब्रेक मारला. तिचं कपाळ पुढच्या दांडीवर आदळायचं, पण आदळलं नाही. तिथं सुभेदारांचा हात होता. तो हात सांगलीपासून तिथंच असणार. दर प्रवासात असायचा. तिला आठवलं, तिची पाठ धरली तेव्हा याच माणसानं, तो गुडघा घेऊन, मोरीतला धुण्याचा दगड उचलून तिच्या कमरेइतका उंच बांधून दिला होता. दोन दिवस सिमेंट कालवत होते. दुखतं का म्हणून विचारलं नव्हतं.

घरी पोचल्यावर ती म्हणाली, आता गाणी नकोच. सुभेदार म्हणाले, बिघाड झाकून ठेवला की वाढतो, तो हुडकायचा असतो. हुडकल्याशिवाय मी राहणार नाही. या एका बाबतीत ते कुणाचं चालू देत नसत.

५

दुसऱ्या दिवशी गाणं लागलं. पहिलं कडवं संपायच्या आत खांदे खाली आले.

मग तो उठला. खुर्चीचा आधार न घेता उठला, चालत आला आणि शालनच्या पुढ्यात मांडी घालून बसला. सहज, पोरानं बसावं तसा. उजवा गुडघा फरशीला टेकला. शालनला गुडघ्यावरून नजर काढता येईना. कितीतरी वर्षांत तो गुडघा जमिनीला लागला नव्हता. डॉक्टरांनी दाबून बघितला होता, तेव्हा सुभेदारांसारखा माणूस किंचाळला होता.

त्यानं सुपातली एक शेंग उचलली आणि सोलू लागला. गाण्याबरोबर गुणगुणत होता, सुरात.

शालननं विचारलं, "तुमी कोन?"

"मी हाय की." तो हसला. "बरं वाटतं न्हवं, मी आलो की?"

वाटतं, हे तिच्यानं नाकारवलं नाही. तिनं विचारलं, "आमचं मालक कुठं हायती?"

"हाय. लांब न्हाई." त्यानं दाणे सुपात सोडले. "तिथं गाणं पोचत न्हाई, एवढंच."

"ते हाका मारत्यात मला."

"मारतो बिचारा. लय मारतो." हे तो मोठ्या कौतुकानं बोलला. "मला येत्यात ऐकू. चांगला माणूस हाय. त्याला काय सांगू नगंस, शालू. घाबरंल."

खोलीत ऊन होतं. पंखा फिरत होता. बाहेर कुणाची तरी म्हैस रस्त्यानं चालली होती, तिच्या गळ्यातलं लोढणं खडखडत होतं. सगळं जिथल्या तिथं होतं, आणि तो शेंगा सोलत होता. गाण्याचे शेवटचे सूर आले तसा त्यानं हात पुढं करून तिच्या गालावरची बट मागं सारली. बोटं उबदार होती. शालननं डोळे मिटून घेतले, आणि पुढं कितीतरी दिवस तिला त्याचीच लाज वाटत राहिली.

मग गाणं संपलं आणि सुभेदार किंचाळले.

६

त्यांना उठवता उठवता शालनच्या नाकी नऊ आले. खुर्चीत बसल्यावर गुडघा धरून त्यांनी विचारलं, मी खाली कसा बसलो? या वेळी शालननं सगळं सांगितलं. ठेका, शालू, दमलीस का, सगळं. कुंकवाचंही सांगितलं. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तरास दिला का त्यानं तुला?"

"न्हाई. लय मायेनं बोलतो."

सुभेदार खिडकीबाहेर बघत राहिले. "मला न्हाई तसं बोलता येत," ते म्हणाले.

येत नाही तर नाही, शालन म्हणाली, आणि रडू लागली. त्यांनी तिला रडू दिलं. मग घसा खाकरून ते कामाचं बोलले. लाइन तुटली की दोन्ही टोकांनी बोलावं लागतं. आजवर ते एकटेच हाका मारत होते. आता तिनं इकडून मारायची. गाणं लावायचं आणि तो आला की हाक मारत राहायचं, थांबायचं नाही.

"आन् न्हाई आलासा तर?"

"तर बंद करू नको," ते म्हणाले. "गाणं बंद केलं तर वाट बी बंद हुईल का काय, म्हाईत न्हाई."

त्याच दुपारी त्यांनी परत गाणं लावलं. शालन सूप न घेता त्यांच्या समोर उभी राहिली. खांदे खाली आले. तो तिच्याकडं बघून हसला.

"आवं," तिनं हाक मारली.

"ओ," तो म्हणाला.

"आवं!"

"ओ, शालू. हितंच हाय की."

ती हाक मारी आणि तो ओ देई, दरवेळी आधीपेक्षा गोड. गाणं पुढं सरकत होतं. 'आवं' म्हणजे कोण? समोर जो असेल तो. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याला दुसरी हाक मारली नव्हती. लग्नातल्या उखाण्यात काय नाव घेतलं असेल तेवढंच, तेही मान खाली घालून. तिचे ओठ हलले, आवाज निघेना. समोरच्याच्या चेहऱ्यावरचं हसू किंचित ढळलं. तिच्या मनात काय आलंय, ते त्याला कळलं होतं.

"नगं, शालू," तो हळूच म्हणाला.

"उदयसिंह!" शालन ओरडली. "उदयसिंह, घरला या!"

चेहऱ्यावर कुणीच नव्हतं. एवढंच तिला नंतर सांगता आलं. डोळे उघडे, नाक, मिशा, सगळं होतं, आणि आत कुणी नव्हतं. सामान बाहेर काढलेल्या खोलीत बघितल्यासारखं झालं. किती वेळ, ते तिला कळलं नाही. गाणं चालू होतं. मग त्या खांद्यांना झटका बसला, ते वर गेले, ताठ झाले, आणि सुभेदार धाप लागल्यासारखा श्वास घेऊ लागले.

"आलं ऐकू," ते म्हणाले. "बंद कर आता."

तिनं कॉम्प्युटर बंद केला, भिंतीवरचं बटणही बंद केलं. सुभेदारांचा हात बर्फासारखा गार होता. तो तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला. हाताला जरा ऊब आली तसे ते बोलले. म्हणाले, नाव ऐकू आलं तिकडं चालत सुटलो. वाट अरुंद होती. समोरनं तो आला.

"तोंड बघितलंसा?"

"न्हाई. खांद्याला खांदा घासून गेला." सुभेदारांनी आपला खांदा चोळला. "रडत हुता गं."

७

कॉम्प्युटर अंकिताला परत दिला. रेडिओ माळ्यावर गेला. त्या घरात आता गाणं लागत नाही, आणि दुपार पूर्वीपेक्षा लांब वाटते. सुभेदार पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात, पाटणच्या बाजारभावापासून पाचगणीच्या स्ट्रॉबेरीपर्यंत काहीही. मायेचं बोलणं त्यांना अजून जमत नाही. एकदा त्यांनी प्रयत्न केला होता. बराच वेळ तिच्याकडं बघून शेवटी म्हणाले, साडी बरी हाय. शालन दिवसभर त्यावर हसत होती.

गावात मात्र तिची चर्चा झाली. शेजारची बाळाबाई तर तोंडावर म्हणाली, या वयात नवऱ्याला नावानं हाक मारतीस, आता इंग्रजी बी बोल. शालन काही सांगत बसत नाही. सुभेदार परड्यात असोत, पेपर तोंडावर घेऊन डोळा लागलेला असो, ती दिवसातून अनेकदा हाक मारते, "उदयसिंह!" आणि हातातलं काम थांबवून कान देते.

ओ येते. खरखरीत, कावलेली, काय हाय आता, अशी. आजवर एकच ओ आली आहे.

फक्त कधी कधी, ती ओ यायच्या अगदी आधी, घरात कुठंतरी जवळच श्वास घेतल्यासारखा आवाज होतो. कुणीतरी ओ द्यायला तोंड उघडावं, आणि मग तिच्यासाठी ते मिटून घ्यावं, तसा.